एकाच आतड्यात दोन जातींच्या गाठी : मोजायच्या एक की दोन?

शस्त्रक्रियेने काढलेला मोठ्या आतड्याचा भाग विकृतिशास्त्र विभागात येतो, त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जातात आणि बहुतेक वेळा अहवालावर एकच नाव उमटते : अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथिपेशींचा कर्करोग. मोठे आतडे आणि गुदाशय यांतील घातक गाठींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गाठी याच जातीच्या असतात. क्वचित मात्र त्याच आतड्यात, कधी हातभर अंतरावर तर कधी पहिलीला अगदी चिकटून, दुसऱ्याच जातीची गाठ आढळते. तिचा उगम वेगळ्या पेशींत असतो, वाढीचा वेग वेगळा असतो, औषधही वेगळे लागते. अशा वेळी रुग्णाला एक आजार झाला म्हणायचे की दोन, हा प्रश्न उभा राहतो. वरवर तो शब्दांचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर उपचार ठरतात आणि शहराच्या आरोग्याचे आकडेही ठरतात.

या प्रश्नाला भोपाळमध्ये जे वजन आहे ते अन्य शहरांत क्वचितच असेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि शहराच्या त्या वेळच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड वायुबाधित ठरले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ८०,०२१ बाधितांची दीर्घकालीन पाहणीसाठी नोंद केली. १९८६ मध्ये तेथील गांधी वैद्यकीय महाविद्यालयात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी केंद्र सुरू झाले. बाधित वस्त्यांत पुढे कर्करोग वाढतो का, हे पाहणे हा त्यामागील हेतू होता. ज्या शहरात कर्करोगाची प्रत्येक नोंद साक्षीसारखी वाचली जाते, तेथे एका माणसाच्या दोन गाठी कशा लिहायच्या हा नियम आधीच ठरलेला असावा लागतो. आतड्यातील दुहेरी गाठी वायूमुळे होतात असे मात्र येथे सुचवायचे नाही. प्रश्न मोजणीचा आहे, आणि मोजणीआधी ओळखीचा.

ओळखीचा इतिहास जुना आहे. एकाच व्यक्तीत एकाहून अधिक मूळ कर्करोग असू शकतात, हे व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. त्यांच्या अटी इतक्या कडक होत्या की त्यांत बसणारी उदाहरणे फारच थोडी निघाली. १९३२ मध्ये वॉरन आणि गेट्स या अमेरिकी वैद्यकांनी त्या अटी सैल करून तीन निकष दिले आणि आजही तेच आधाराला घेतले जातात. दोन्ही गाठी निःसंशय घातक असाव्यात. त्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. आणि एक गाठ ही दुसरीची पसरलेली शाखा नाही, याची खात्री पटलेली असावी. तिसरा निकष सर्वांत कठीण. यकृतात किंवा फुप्फुसात गाठ दिसली की ती आतड्यातून आलेली असण्याचा संशय सहज येतो. पण आतड्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात गाठ उतरली की तिथे नवीनच जन्मली, हे केवळ डोळ्यांनी सांगता येत नाही.

दोन्ही गाठी एकाच वेळी किंवा सहा महिन्यांच्या आत सापडल्या तर त्यांना समकालीन म्हणण्याचा प्रघात आहे. त्याहून जास्त अंतर पडले तर दुसरी उत्तरकालीन. काही नोंदणी पद्धती ही मर्यादा दोनच महिन्यांची धरतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण तीन ते पाच जणांना समकालीन दुसरी गाठ असते, असे अनेक देशांतील अनुभवातून दिसते. पण त्या बहुतांश दोन्ही अ‍ॅडिनोकार्सिनोमाच असतात, एकाच जातीच्या दोन बहिणी. जातच वेगळी असण्याचा प्रकार त्याहून कितीतरी विरळ. वैद्यकीय नियतकालिकांत तो एकेका रुग्णाच्या वृत्तान्तातून भेटतो. अशा वृत्तान्तांतून रोगाचे रूप कळते, त्याचे प्रमाण कळत नाही. कारण छेद असतो तिथे अंश नसतो आणि अंश असतो तिथे छेद नसतो.

जोड्या कोणत्या?

आतड्याची भिंत ही थरांची रचना आहे आणि प्रत्येक थरातील पेशींची आपापली गाठ होऊ शकते. सर्वांत आतल्या अस्तरातील ग्रंथिपेशींतून अ‍ॅडिनोकार्सिनोमा होतो. त्याच अस्तरात विखुरलेल्या, संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींतून न्यूरोएंडोक्राइन गाठी होतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ सीगफ्रीड ओबेर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये या गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारख्या, असे नाव दिले. त्या सौम्य असतात असा त्यांचा समज होता आणि पुढे त्यांनीच तो बदलला, पण नाव मात्र शतकभर टिकले. स्नायूंच्या थरात आतड्याची हालचाल चालवणाऱ्या काहाल पेशींशी नाते असलेली गाठ होते. तिला डॉक्टर मंडळी ‘जिस्ट’ म्हणतात. अस्तराखालच्या लसीका ऊतीतून लिंफोमा होतो. आतड्याच्या अगदी शेवटी, गुदनलिकेत, त्वचेसारख्या पेशींचा स्क्वेमस कर्करोग होतो आणि फार क्वचित मेलॅनोमाही. यांपैकी कोणत्याही दोघींची जोडी जमू शकते. वाङ्मयात वारंवार दिसणारी जोडी अ‍ॅडिनोकार्सिनोमा आणि न्यूरोएंडोक्राइन गाठ यांची आहे. त्यापाठोपाठ अ‍ॅडिनोकार्सिनोमा आणि लिंफोमा, तसेच अ‍ॅडिनोकार्सिनोमा आणि जिस्ट.

आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, उल्लेख वेगळा करायला हवा. बोटाएवढ्या या नळीत न्यूरोएंडोक्राइन गाठ आणि श्लेष्मा साठवणारी गाठ शेजारी शेजारी सापडल्याची उदाहरणे आहेत. येथे नावांचा घोळही मोठा होता. ग्रंथी आणि न्यूरोएंडोक्राइन असे दोन्ही गुण दाखवणाऱ्या एका गाठीला बराच काळ ‘गॉब्लेट सेल कार्सिनॉइड’ म्हटले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणाने तिला अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या घरात नेऊन बसवले. नाव बदलले तरी गाठ तीच. पण जुना अहवाल हाती असलेल्या रुग्णाला आपण कोणत्या रांगेत उभे राहावे, असा प्रश्न पडला तर त्यात त्याचा दोष नाही.

टक्कर की मिश्रण?

दोन गाठी वितभर अंतरावर असतील तर फारसा वाद होत नाही. खरी परीक्षा त्या एकमेकींत घुसलेल्या असतात तेव्हा. रॉबर्ट मायर यांनी १९१९ मध्ये अशा गाठींची विभागणी करताना ‘टक्कर’ ही कल्पना वापरली. दोन गाठी स्वतंत्रपणे जन्मल्या, वाढता वाढता एकमेकींवर येऊन आदळल्या, तरी सीमेवर दोघींच्या पेशी आपापल्या बाजूला राहिल्या, तर ती टक्कर. इंग्रजी संज्ञेचाच वापर करून तिला कोलिजन ट्यूमर म्हणतात. याउलट एकाच मूळ पेशीच्या वंशात फाटा फुटून दोन तऱ्हांच्या पेशी तयार झाल्या आणि त्या एकमेकींत विणल्यासारख्या मिसळल्या, तर ते मिश्रण. शेजारी शेजारी बांधलेल्या दोन घरांची सामाईक भिंत आणि एकाच घरात नांदणारी दोन भावंडे, असा हा फरक.

सूक्ष्मदर्शकाखाली तो नेहमी इतका स्वच्छ दिसत नाही. सीमेवर दोन्ही पेशींची सरमिसळ असते आणि एका कापात जी रेघ ठळक दिसते ती पुढच्या कापात विरून जाते. म्हणून गाठीतून एकदोन नव्हे तर अनेक ठिकाणचे नमुने घ्यावे लागतात. मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे विशिष्ट प्रथिनांना रंग देणारी तपासणी. न्यूरोएंडोक्राइन पेशी सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या रंगांना प्रतिसाद देतात. आतड्याच्या ग्रंथिपेशी सीके-२० आणि सीडीएक्स-२ यांना. जिस्ट सीडी-११७ आणि डॉग-१ यांना. बी-पेशींचा लिंफोमा सीडी-२० ला. केआय-६७ हा आणखी एक रंग किती टक्के पेशी विभाजनाच्या वाटेवर आहेत ते सांगतो. नीट घडणीच्या न्यूरोएंडोक्राइन गाठीत हा आकडा ३ टक्क्यांच्या खाली असेल तर पहिली प्रत, ३ ते २० असेल तर दुसरी, त्यापुढे तिसरी. पेशींची घडणच बिघडलेली असेल तर ती गाठ राहत नाही, न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा होतो. त्याचा आक्रमकपणा फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाची आठवण करून देतो.

मिश्र गाठींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये एक मोजपट्टी दिली : दोन्ही घटक किमान ३० टक्के असतील तरच मिश्र म्हणायचे. २०१९ मध्ये नाव बदलून ‘मिनेन’ झाले, म्हणजे मिश्र न्यूरोएंडोक्राइन व अन्य जातीची गाठ. ३० टक्क्यांची अट तशीच राहिली. ही अट सोयीची आहे, निसर्गाची नाही. आक्रमक न्यूरोएंडोक्राइन घटक १० टक्केच असला तरी लसीका ग्रंथींत नेमका तोच पोहोचलेला असू शकतो. म्हणून चांगला विकृतिशास्त्रज्ञ अट पूर्ण होत नसली तरी तो घटक अहवालात टक्केवारीसह लिहितो आणि लसीका ग्रंथींत दोघांपैकी कोण सापडला हेही नोंदवतो. अहवाल वाचताना शोधायची ओळ कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच दाखवीन.

दोन जाती एकत्र का येतात, याची उत्तरे अनेक आहेत आणि प्रत्येक जोडीला वेगळे उत्तर लागू पडते. वय वाढले की कोणत्याही दोन गोष्टी योगायोगाने एकत्र येऊ शकतात. अ‍ॅडिनोकार्सिनोमासाठी कापलेल्या आतड्यात नकळत लपलेला छोटा जिस्ट बहुधा असाच. मिश्र गाठींची कथा वेगळी. त्यांच्या दोन्ही घटकांत एपीसी, टीपी-५३, केआरएएस यांसारख्या जनुकांतील तेच ते बदल आढळले आहेत, म्हणजे दोघांचा पूर्वज एक. लिंच सिंड्रोममध्ये डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा जन्मतःच अधू असते. अशा व्यक्तींना आतड्यात एकाहून अधिक गाठी होतात आणि स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही. म्हणूनच आतड्याच्या गाठीवर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या चार प्रथिनांची तपासणी करण्याची पद्धत रूढ होत आहे. तिचा उपयोग एकट्या रुग्णापुरता नसून त्याच्या भावंडांना आणि मुलांनाही आहे.

उपचाराची वाट

शस्त्रक्रियेपुरते दोन गाठींचे फार वावडे नसते; दोन्ही एकाच भागात असतील तर एकाच वेळी निघतात. पुढे मात्र वाटा फुटतात. अ‍ॅडिनोकार्सिनोमा लसीका ग्रंथींत गेला असेल तर ऑक्झॅलिप्लॅटिनसह फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिन दिले जाते. न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमाला प्लॅटिनम आणि इटोपोसाइड. जिस्टला या केमोथेरपीचा उपयोगच नाही; त्याला इमॅटिनिबची गोळी लागते. लिंफोमाची औषधे आणखी निराळी. उलट गुदाशयातील एक सेंटिमीटरहून लहान, पहिल्या प्रतीची न्यूरोएंडोक्राइन गाठ एंडोस्कोपीने मुळासकट काढली की बहुधा पुढे काहीच करावे लागत नाही. मग तिच्या शेजारी जो अ‍ॅडिनोकार्सिनोमा आहे त्याच्याकडेच सारे लक्ष द्यायचे. दोघींतली कोण रुग्णाच्या जिवावर उठणार आहे, हे ओळखणे आणि तिच्यामागे आधी लागणे, हाच व्यवहार. टक्कर झालेल्या दोन गाठींचा टप्पा वेगवेगळा ठरवतात. मिश्र गाठीचा टप्पा मात्र नेहमीच्या कार्सिनोमाच्या तक्त्याने एकच ठरतो. चुकीचे लेबल लागले तर येथेच घोटाळा होतो.

आणि लेबल चुकण्याला एक साधे कारण असते. कोलोनोस्कोपीतून घेतलेला तुकडा काही मिलिमीटरचा असतो. तो गाठीच्या ज्या टोकाचा असेल त्याचीच जात सांगतो. दुसरा घटक शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीतच उघड होतो आणि पहिला अहवाल बदलतो. असा बदल झाला म्हणजे आधीच्या प्रयोगशाळेने हलगर्जीपणा केला, असे मानण्याचे कारण नाही. मात्र एक काळजी घेता येण्याजोगी असते. गुदाशयात गाठ दिसली म्हणून दुर्बीण तिथेच थांबवायची नाही. सुमारे दीड मीटर लांबीचे संपूर्ण मोठे आतडे अंधांत्रापर्यंत पाहायचे. गाठीने वाट अडवली असेल तर शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत उरलेले आतडे तपासायचे. आपल्याकडे रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती औषधे घेतली जातात आणि उजव्या बाजूची गाठ तर केवळ न उलगडणाऱ्या रक्तक्षयाच्या रूपातच दिसते. या दोन्ही ठिकाणी वेळ दवडला जातो.

भोपाळच्या वहीत

आता मोजणीकडे. लोकसंख्येवर आधारित नोंदणीची आपल्याकडील सुरुवात मुंबईची. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये तेथे देशातले पहिले असे केंद्र उभारले. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक, हा विचार त्याआधीच टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांतून वसंत रामजी खानोलकर यांनी रुजवला होता. संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस सुरू झाला आणि पाच वर्षांत भोपाळचे केंद्र त्यात आले. या केंद्रांचे काम चिकाटीचे आहे. रुग्ण आपण होऊन नोंद करायला येत नाही. केंद्राचे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्यू नोंदणी कार्यालये पालथी घालतात, एकच व्यक्ती दोन ठिकाणी आली असेल तर ती नावे जुळवतात आणि ती शहरात किमान वर्षभर राहत होती ना, हे पाहतात.

दुहेरी गाठींसाठी त्यांच्या हाती आंतरराष्ट्रीय नियम असतात. या नियमांना वेळेचे बंधन नाही. दुसरी गाठ दहा वर्षांनी आली तरी ती मोजता येते. सर्वसाधारणपणे एका अवयवात एकच कर्करोग मोजायचा. अंधांत्रात एक आणि सिग्मॉइडमध्ये दुसरा असे दोन अ‍ॅडिनोकार्सिनोमा असतील तरी मोठे आतडे हा एकच अवयव, म्हणून नोंद एक. पण मोठे आतडे आणि गुदाशय हे नियमांच्या लेखी निराळे अवयव आहेत, तेव्हा एक सिग्मॉइडमध्ये व एक गुदाशयात असेल तर नोंदी दोन. आणि जात वेगळी असेल तर अवयव तोच असला, निदान त्याच दिवशी झाले, तरी नोंदी दोनच. अ‍ॅडिनोकार्सिनोमा आणि लिंफोमा : दोन. अ‍ॅडिनोकार्सिनोमा आणि जिस्ट : दोन. मिश्र गाठीला स्वतःचा एकच सांकेतिक क्रमांक असल्याने ती एक. म्हणजे सीमारेषेवर विकृतिशास्त्रज्ञाने ‘टक्कर’ लिहिले की शहराच्या वहीत दोन कर्करोग पडतात आणि ‘मिश्र’ लिहिले की एक. रुग्ण दोन्ही वेळा एकच.

वर्षाला हजारो नोंदी होणाऱ्या केंद्रात अशा मोजक्या गाठींनी एकूण दर हलत नाही. भारतात मोठ्या आतड्याचा कर्करोग मुळात कमी : वयानुसार समायोजित दर लाखामागे पाचच्या आसपास, तर पश्चिम युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात त्याच्या सहापट किंवा अधिक. भोपाळच्या पुरुषांत भर आहे तो तोंड, जीभ आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांचा, आणि त्यामागे तंबाखू आहे. वायुबाधेचा संबंध तपासणारा दीक्षित आणि कान्हेरे यांचा १९९९ चा अभ्यासही फुप्फुस, घसा आणि तोंड या अवयवांचाच होता. पण बाधित आणि अबाधित वॉर्डांची तुलना करताना दोन्हीकडे एकाच नियमाने मोजलेले असणे ही किमान अट आहे. विरळ आजारांत तर दोनाच्या जागी तीन झाले तरी दीडपट वाढ झाल्यासारखी दिसते.

वहीपलीकडे एक फाइलही आहे. २०१० मध्ये मंत्रिगटाच्या शिफारशीवरून वायुपीडितांसाठी जादा सानुग्रह रक्कम ठरली, तेव्हा कर्करोगग्रस्तांसाठी दोन लाख रुपये निश्चित झाले. तिथे गाठी किती याला अर्थ नाही. कर्करोग आहे की नाही, एवढाच प्रश्न. तो मात्र दिसतो तितका सरळ नाही. आंतरराष्ट्रीय संकेतावलीत प्रत्येक गाठीच्या क्रमांकानंतर तिच्या वर्तनाचा आकडा असतो. २००० च्या आवृत्तीत आंत्रपुच्छाच्या कार्सिनॉइडला ‘१’, म्हणजे अनिश्चित वर्तन, असा आकडा होता. पुढच्या सुधारणेत तो ‘३’, म्हणजे घातक, झाला. तीच गाठ, तेच काप. एका वर्षी कर्करोगाच्या यादीबाहेर आणि दुसऱ्या वर्षी यादीत. त्यामुळे अहवालावर ‘कार्सिनॉइड’ एवढेच लिहिलेले असेल आणि प्रत, केआय-६७ वा वर्तन नमूद नसेल, तर तो कागद अपुरा आहे.

असा अपुरा कागद पुरा करता येतो, आणि हे रुग्णांना बहुधा सांगितले जात नाही. तपासलेल्या ऊतीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवून जपून ठेवलेले असतात. त्यांना पॅराफिन ब्लॉक म्हणतात. वर्षानुवर्षांनीही त्यांतून नवे काप घेऊन नवे रंग देता येतात, जनुकीय तपासणीही करता येते. भोपाळहून मुंबईला किंवा आपल्या गावाहून बांबोळीला दुसरे मत घ्यायला जाताना केवळ अहवालाची छायाप्रत नेऊन भागत नाही. काचपट्ट्या आणि ब्लॉक लेखी अर्ज करून मागावेत. एकाहून अधिक गाठी असतील तर प्रत्येक गाठीचा ब्लॉक वेगळा आहे ना, आणि कोणत्या क्रमांकाचा ब्लॉक कोणत्या जागेचा, हे प्रयोगशाळेकडून लिहून घ्यावे.